रविवारचे तीन तास

प्रिय घाईबाई,

या नावाने तुला हाक मारून दीड वर्ष होऊन गेलं. ऑपरेशननंतर घरात कुणीही न ठरवता हे नाव बाजूला पडलं. कठड्याला धरून एकेक पायरी मोजत उतरणाऱ्या मुलीला घाईबाई म्हणायची कुणाची छाती होणार? पण आज पत्र लिहायला बसलो आणि कागदावर आधी हेच उतरलं, तर राहू दे. तू दोन पायऱ्या एकदम उतरायचीस, बुटाची नाडी चालता चालता बांधायचीस आणि तोंडात घास असताना पुढचा प्रश्न विचारायचीस. ती मुलगी वेगळी आणि आताची तू वेगळी, असं मला कधी वाटलं नाही. तुला मात्र हल्ली तसं वाटतं, हे मला कळतं.

फोन केला की तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस आणि फोन आत्याच्या हातात देतेस. मग आत्या मला तू किती जेवलीस, किती झोपलीस याचा अहवाल देते आणि वर मलाच झापते, पोरीला एकटं सोडा म्हणून. म्हणून पत्र. शिवाय मला जे सांगायचंय ते फोनवर बोलण्यासारखं नाही. आत्याकडे जाण्याआधी तू इथे होतीस तेव्हा शेवटचा आठवडाभर रोज ठरवत होतो, आज सांगायचंच. दर वेळी तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो आणि विचारलं, चहा घेणार का? त्या आठवड्यात तुला इतका चहा का मिळाला, हे आता तुझ्या लक्षात येईल.

आधी घरची खबर. दुकानात, म्हणजे आपल्या पुढच्या खोलीत, सध्या बावीस घड्याळं आहेत आणि बावीसांची बावीस मतं. एका बाईंनी पाण्याच्या टाकीत पडलेलं गजराचं घड्याळ आणून दिलंय. मी म्हटलं, हे गेलं. त्या म्हणाल्या, पण बुडलं तेव्हा वाजत होतं हो! आता यावर मी काय बोलणार? उघडून ठेवलंय, वाळतंय. आईच्या बेकरीत नवा ओव्हन आला, त्याची बटणं तिला पटत नाहीत, म्हणून ती रोज त्याच्याशी भांडून येते. तुझी खोली आहे तशीच आहे. ढगांची वही रद्दीत टाक असं तू आईला जाताना सांगितलंस ना? तिने ती उचलली, माझ्या टेबलावर आणून आपटली आणि म्हणाली, मी टाकणार नाही, तुम्हाला टाकायची तर टाका. मीही टाकली नाही.

तू बोर्डाच्या परीक्षेला बसणार नाहीस, आत्याच्या ओळखीने दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसणार, हे मला आईकडून कळलं. त्या कामात कमीपणा काहीच नाही. मीही तीस वर्षं एका खिडकीमागेच बसलोय. पण तू ते काम निवडलेलं नाहीस, तू तिथे लपायला निघालीस. जाताना जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. म्हणालीस, बाबा, घरी सगळा पेपर होतो आणि शाळेत होत नाही, म्हणजे डोक्यात काही बिघाड नाही, मीच भित्री झालेय, आणि भित्रेपणावर ऑपरेशन नसतं. मी दारात उभा होतो. तुझी बॅग माझ्याच हातात होती. तेव्हा बोलायला हवं होतं.

तुला ऑपरेशनच्या दिवसाचं काही आठवायचं कारण नाही, तू झोपलेली होतीस. सात तास. बाहेरच्या हॉलमध्ये आई एका खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. मला बसवेना. समोर भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते चार मिनिटं मागे होतं. तू आत टेबलावर, तुझ्या लहान मेंदूपाशी ती गाठ, आणि तुझ्या बापाच्या डोक्यात एकच, की हे घड्याळ मागे आहे. हसू नकोस. तिसऱ्या तासाला मी खुर्चीवर चढलो आणि ते खाली काढलं. रखवालदार धावत आला, ओरडला. एक नर्स आली, तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला म्हणाली, करू द्या त्यांना. मी काटे सरळ केले, पुसून परत टांगलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यावर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ती वेळ खरी होती. गाठ साधी आहे, पूर्ण निघाली, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आई रडली आणि मी वेड्यासारखं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

मग त्यांनी हळूहळू बाकीचं सांगितलं. चालताना तोल जाईल, हात थोडा थरथरेल, लिहायला वेळ लागेल, थकवा येईल. बरंचसं सुधारेल, सगळं सुधारेलच असं नाही. आणि फिटचा झटका येण्याची शक्यता असल्याने विमान चालवण्याचा परवाना कधी मिळणार नाही. हे शेवटचं तुला कोण सांगणार यावरून आईत आणि माझ्यात दोन दिवस ढकलाढकली चालली होती. शेवटी तूच तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना थेट विचारलंस. त्या नाही म्हणाल्या. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस आणि चार दिवस आमच्यापैकी कुणाशी बोलली नाहीस. त्यानंतर पाचव्या दिवशी खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ठीक आहे, विमान मी नाही उडवणार, पण कधी उडवायचं आणि कधी नाही हे वैमानिकाला सांगतं कोण? मी म्हटलं, हवामानवाले सांगत असतील. तू म्हणालीस, मग त्यांना मला विचारावं लागेल. तुला आठवतं का, तेव्हा तुला धड बसताही येत नव्हतं, आणि तू हुकूम सोडत होतीस. त्या दिवशी मी खाली जाऊन वही आणली. पहिला ढग तू त्या पलंगावरून काढलास. तो ढग कमी आणि बटाटा जास्त दिसत होता, हे मी तेव्हा बोललो नव्हतो, आता बोलतो.

शाळेत परत गेलीस तेव्हाची तुझी हिंमत मी पाहिली आहे, म्हणून तो भित्रेपणाचा शब्द मला जास्त लागला. बरोबरीच्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि तुला एक वर्ष खालच्या मुलांत बसावं लागलं. डोक्याला टोपी, एक हात भिंतीला. वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला, तो तुझ्यामुळे आणला हे सगळ्यांना माहीत. कुणी दप्तर उचलायला आलं की तू इतकी चिडायचीस की पुढे कुणी जवळच येईना. मग टोपीखाली काय आहे असं एका मुलीने विचारलं, तेव्हा तू टोपी काढून सरळ टाक्यांचा व्रण दाखवलास आणि सांगितलंस, मेंदू बाहेर काढून धुतला, वाळवला आणि परत बसवला, तुम्हीही एकदा धुऊन घ्या, फरक पडतो. तुझ्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून तक्रार केली, आणि तक्रार करता करता त्यांनाच हसू आवरेना. भित्री मुलगी असं करते?

आता मुद्द्यावर येतो. किती वळणं घेतोय, तू वैतागली असशील.

मागच्या वर्षी, शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले होते, तेव्हा एका रविवारी तू पहिला सराव पेपर सोडवायला बसलीस. फोन बंद, आई बेकरीत, तू आतल्या टेबलाशी, समोर आपलं घरचं घड्याळ. दुकानातल्या घड्याळांवर विश्वास कोण ठेवणार? ती सगळी आजारी म्हणून आलेली. पण हे आजोबांचं. या गल्लीत लोक आपली घड्याळं यावरून लावतात. दहाला सुरू केलंस, एकचे ठोके पडले तेव्हा तुझे सातातले चार प्रश्न झाले होते. तू पेनाला टोपण लावलंस. कपाळ टेबलावर टेकवलंस आणि तशीच राहिलीस. मी दारातून पाहत होतो. तू चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होतीस तेव्हा जे वाटलं होतं तेच वाटलं, की ही आता परत फिरणार नाही.

पुढच्या रविवारी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी घरचं घड्याळ खाली उतरवलं. तुला लहानपणी शिकवलंय, लंबकाची दांडी लांब केली की लंबक सावकाश झुलतो आणि घड्याळ मागे पडतं. ग्राहकाचं घड्याळ पुढे पळत असेल तर आपण खालची चकती अर्ध्या केसाएवढी उतरवतो. मी अर्ध्या केसावर थांबलो नाही. आठवडाभर ग्राहकांची कामं बाजूला ठेवून मी पितळेची नवी दांडी केली होती, थोडी लांब. ती बसवली, घड्याळ परत टांगलं. त्या दिवशी तुझ्या तीन तासांत सव्वातीन तास होते. तुझा एकच प्रश्न राहिला. तू मला सांगितलंस, बाबा, जमतंय. आणि तू हसलीस. ऑपरेशननंतर तुला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या हसण्यासाठी मी पुढच्या रविवारसाठी आणखी लांब दांडी केली, मूळच्या दीडपट. पेटीत खाली जागा होती. त्या दांडीवर तीन तास चालायचे तीन तास चाळीस मिनिटं. त्या रविवारी तुझा पूर्ण पेपर झाला.

पेपर संपला की तू दमून झोपायचीस. तेवढ्यात मी मूळ दांडी बसवायचो, काटे पुढे करायचो. चारला उठायचीस तेव्हा चारच वाजलेले असायचे. असे मी तुझे सोळा रविवार फसवले. तीस वर्षांत कुणाही ग्राहकाला मी चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ दिलं नाही, आणि घरच्या मुलीला दिलं. एकदा एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, अहो, तुमचं घरचं घड्याळ मागे आहे. मी म्हटलं, हो, दुरुस्तीला काढलंय.

आणखी एक सांगून टाकतो. पूर्वी तू आत अभ्यास करता करता ओरडायचीस, बाबा, ते डावीकडचं तिसरं लंगडतंय. नुसत्या कानाने ओळखायचीस. पहिल्या त्या रविवारी माझा जीव टांगणीला लागला होता, ही ओळखणार. तू ओळखलं नाहीस. ऑपरेशननंतर एका कानात सतत शिट्टी वाजते असं तू सांगितलेलं, त्यामुळे असेल. मला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. ती अजून आहे.

मी स्वतःशी हिशेब मांडला होता तो असा, की तुझा वेग वाढत जाईल तसतशी मी दांडी आखूड करत जाईन, आणि परीक्षेपर्यंत तू खऱ्या तीन तासांवर आलेली असशील. अर्धं तसं झालंही. तू खरोखर सुधारलीस. शेवटच्या रविवारी दांडी इतकी आखूड केली होती की तीन तासांत तीन तास पंचवीस मिनिटं मावत होती, आणि तू त्यातलीही पाच शिल्लक ठेवलीस. पण तीनवर तू आली नव्हतीस, आणि मला ते माहीत होतं, आणि तुला नव्हतं. मध्येच बाईंनी तो जादा वेळेचा अर्ज दिला. मेंदूच्या ऑपरेशननंतर प्रत्येक तासामागे वीस मिनिटं मिळतात, डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडायचा, बस. तू तो अर्ज घरी आणलास, माझ्यासमोर धरलास आणि म्हणालीस, मला याची गरज नाही, नाही का हो बाबा? तुम्ही तर बघता दर रविवारी. मी हातातल्या घड्याळात डोकं खुपसलं आणि म्हटलं, तुला वाटेल तसं कर. तू त्यावर ‘नको’ लिहून सही केलीस.

मग सराव परीक्षा आली, शाळेच्या हॉलमध्ये, शाळेच्या घड्याळावर. तीन तास म्हणजे तीन तास. पुढचं तुला माहीत आहे. तू शेवटची पानं कोरी सोडून आलीस आणि हाताला नाही, वेळेला नाही, स्वतःच्या मनाला दोष दिलास. ज्याचा दोष होता तो तुला चहा विचारत होता.

परवा आईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. एक ताट बराच वेळ पुसलं, तेच ताट. मग म्हणाली, मला काय सांगताय, तिला सांगा. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे आणि मी तक्रार करत नाही.

काल बाई दुकानात आल्या होत्या, तुझे पेपर घेऊन. त्यांनी ते काउंटरवर पसरले, मला बोट ठेवून एकेक पान दाखवलं. जेवढं लिहिलंयस तेवढ्यात जवळजवळ एक चूक नाही. पहिल्याच पेपरात सत्तरपैकी अठ्ठावन्न गुणांचं लिहिलंस, त्यातले पंचावन्न मिळाले, बाकी कोरं. त्या म्हणाल्या, घाबरलेलं मूल असं लिहीत नाही, ते सगळीकडे थोडं थोडं खरडतं, ही तर शेवटच्या ओळीपर्यंत ठामपणे लिहीत आली आणि वेळ संपली. मला त्यांच्यासमोर खरं सांगावं लागलं. त्यांनी पेपर गोळा करून नीट रचले. रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. म्हणाल्या, तुम्ही तिला जे चोरून देत होतात ते तिच्या हक्काचंच होतं हो. मग पर्समधून नवा कोरा अर्ज काढला आणि काउंटरवर ठेवला.

तो अर्ज या पार्सलमध्ये आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला त्याला टाचलाय, मी आज सकाळी जाऊन आणला. हा पसारा मी तुझ्याकडून माफी मिळावी म्हणून लिहिलेला नाही. तू भित्री नाहीस हे सिद्ध करणारा पुरावा जगात फक्त माझ्यापाशी होता आणि मी तो दडवून बसलो होतो, म्हणून लिहिलं. तू तीन तास वीस मिनिटांत पूर्ण पेपर सोडवणारी मुलगी आहेस. या अर्जावर तुला चार तास मिळतात. वजाबाकी तूच कर. ढगांची वही पाठवतोय, आत बटाटाही आहे. दवाखान्याची खिडकी हवी असेल तर खुशाल निवड, पण खरं कळल्यावर निवड. वहीखाली कापडात गुंडाळलेली पितळेची लांब दांडी आहे, तीही तुझ्याकडे ठेव, माझ्या हाताशी ती आता नको. इथे भिंतीवरचं घड्याळ मूळच्या दांडीवर चालू आहे. अर्ज द्यायची शेवटची तारीख या शनिवारची आहे. माझ्यावर रागवायला तुला हवा तेवढा वेळ घे, महिने घे, वर्ष घे, मी थांबेन. सही मात्र शनिवारच्या आत कर.

तुझाच, वेळेवर तोंड न उघडलेला,
बाबा